भेगेचे अकरा खाके

४ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद. सुटे सुटे देत बसत नाही, अख्खा तागा घे आणि लागतील तसे कापून वापर.

फोन का नाही केला म्हणून रुसू नकोस. फोनवर मला तुझं ऐकू येत नाही, आणि तुझं म्हणणं असं की ऐकू आलं तरी मी तुला बोलू देत नाही. त्यापेक्षा पत्र बरं, मध्येच कुणी तोंड घालत नाही. अक्षर वाकडं आहे ते चालवून घे. चार इयत्ता शिकले, त्यातली चौथी मास्तरांनी कंटाळून पुढे ढकलली.

बातमी अशी की घराला गिऱ्हाईक आलं! दवाखान्यातली नर्सबाई आहे, नवरा बस चालवतो. नर्सबाईने आल्या आल्या आधी माझी नाडी बघितली, मग घर बघितलं. नवरा अंगणात उभा राहून नुसतेच हात फिरवत होता. मला वाटलं हवेत पोहतोय, पण गाडी कुठून वळेल ते बघत होता. दोघं मला आवडली. नर्सबाईच्या कोटाची बाही चुकलेली आहे, खांद्यावर उगाच चुणी पडते, पण पहिल्याच दिवशी मी ते बोलले नाही. बघ किती सुधारले.

पण लगेच हो म्हणाली नाहीत. म्हणे घर घ्यायच्या आधी तपासून घेतात, त्याचा एक तपासनीस असतो, तो येऊन सगळं बघतो आणि लिहून देतो. मी हसले. म्हटलं, घराला काय ताप आलाय? मग माझं मलाच पटलं. आपण तरी कापड उजेडात धरून बघितल्याशिवाय कधी कात्री लावली? तर तो पंधरा तारखेला येणार.

तू पाठवलेला रंगारी येऊन गेला. मी नको नको म्हणत होते तरी सगळं घर रंगवून गेला. मधल्या खोलीतलं कपाटसुद्धा ओढलंन आणि त्यामागची भेग पुट्टीने बुजवून टाकली. आता ती भिंत अशी झालीय की जशी काही इस्त्री केलीय. तुझ्या आजोबांनी मारलेले दोन खिळे होते ना तिथे, त्यांनाही रंग फासलाय. त्या भिंतीजवळून जाते तेव्हा तीच मला ओळख दाखवत नाही.

घर गेलं की मी मोकळी. तुझ्या दुकानामागच्या दोन खोल्या घेते आणि काजं करायला बसते. माझ्यासारखी काजं तुझ्या त्या मशीनला जन्मात जमायची नाहीत. खोली कशी आहे ते नीट लिही, भिंत न् भिंत लिही. मला इथे बसून मनात सामान लावायचंय.

तुझी आजी

---

९ फेब्रुवारी

आजी,

नमस्कार. डोकं तुझ्या पावलांवर ठेवतेय, गुडघ्यांवर नाही, ते दुखतात म्हणून.

वाचून दुकानातच नाचले. एक बाई माप द्यायला उभ्या होत्या, त्यांनी माप न देताच पळ काढला.

आता ऐक. तपासनीस येईल तेव्हा तू फक्त एक काम करायचं. बोलायचं नाही. चहा दे, किल्ल्या दे आणि खुर्चीत बस. काही विचारलं तर हो किंवा नाही. नव्या रंगाचं तर नावही काढू नकोस. घर नीटनेटकं दिसलं की पुरे, नको ते उकरून कशाला दाखवायचं? तू बोलायला लागलीस की पाया खणण्यापासून सुरू करशील.

इकडे घाई आहे. घरमालकीण मार्च संपेपर्यंत थांबते म्हणाली. शेजारच्या फोटोवाल्याला त्या खोल्या सामान ठेवायला हव्या आहेत, तो रोज तिला गोड बोलून जातो. महिना उलटला की गेल्या.

खोली कशी विचारलंस. गल्लीकडच्या भिंतीला ही मोठी खिडकी आहे, उजेड भरपूर, तिथे तुझं मशीन. दाराची भिंत कोरी आहे, तिथे पलंग. आणि दुकानाकडच्या भिंतीत मी एक झरोका पाडून घेणार आहे, म्हणजे तुला जागेवरून न उठता मला ओरडता येईल. मस्त आहे खोली. तू बघशीलच.

तुझी ठमी

---

१७ फेब्रुवारी

ठमे,

तपासनीस आला आणि गेला, आणि मी बोलले नाही! दोन तास! जीभ नुसती दाताखाली धरून बसले होते. तुझ्या आजोबांनी बघितलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

माणूस मात्र बघण्यासारखा. चाळिशीचा, बारीक, खिशात चार पेन्सिली. तो घर बघत नव्हता गं, घराचं माप घेत होता. दारापासून सुरुवात केली. प्रत्येक दार अर्धं उघडायचा आणि सोडून द्यायचा, आपोआप फिरतंय का बघायला. भिंतींवर बोटांच्या पेरांनी टकटक, कान लावून. पोकळ लागली की खडूची खूण. भिंत सरळ आहे का बघायला कोपऱ्यात ओळंबा सोडला. नळ सोडून खाली आडवा झाला, आरसा धरून मोरीची मागची बाजू बघितली. तिथे मी गेल्या तीस वर्षांत बघितलेलं नाही, मलाच लाज वाटली. शिडी लावून माळ्यावर गेला आणि खाली आला तो केसांत कोळ्याची जाळी घेऊन. मी ती काढून दिली. ते बोलण्यात धरू नकोस.

मधल्या खोलीत मात्र तो फार वेळ होता. भिंतीवर विजेरी आडवी धरली, मग सरळ धरली, मग अंगठ्याचं नख दाबलं. इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं तुझ्या रंगाऱ्याचं कौतुकच करतोय. मग वळून म्हणाला, "आजी, हा रंग कधी दिला?"

मी म्हटलं, "झाले बरेच दिवस."

तो म्हणाला, "बरं."

आणि लिहायला लागला. पानभर लिहिलंन. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला. असा माणूस वाईट लिहिणार नाही. मी तर गाठोडी बांधायला काढली आहेत. तेवढं ते शिसवी कपाट कुठे ठेवायचं ते कळव, ते घेतल्याशिवाय मी येणार नाही.

तुझी आजी

---

२६ फेब्रुवारी

ठमे,

गाठोडी परत सोडली. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे, जेवून लिहायला बसले आहे.

नर्सबाई काल स्वतः आली. निरोप पाठवला नाही, स्वतः आली, म्हणून ती मला अजून आवडते. तपासनिसाचा कागद तिने मला वाचून दाखवला. बाकी घर चांगलं आहे. मोरीचा पाइप बदला, माळ्यावर एक कौल फुटलंय, एवढंच. पण पुढे लिहिलंय की मधल्या खोलीत मोठी भेग आहे, ती नुकतीच बुजवलेली आहे, आणि ती थांबली आहे की अजून चालतेच आहे हे आता सांगता येत नाही. कळायला निदान वर्षभर लक्ष ठेवावं लागेल.

नर्सबाई म्हणाली, "आजी, मला घर आवडलंय. पण वर्षभर कशी थांबू? आणि न थांबता घेतलं आणि भिंतच सरकली तर?" दहा तारखेपर्यंत तिने मुदत दिलीय. मग दुसरं घर बघणार.

मी तिला दोन कप चहा पाजला आणि कोटाच्या बाहीचं सांगून टाकलं. म्हटलं, आता काय राखून ठेवायचं.

ती गेल्यावर त्या भिंतीपुढे खुर्ची टाकून बसले. म्हटलं, वर्षभर? अगं, मी अकरा वर्षं लक्ष ठेवलंय!

तुला हे ठाऊक नसणार, तू तेव्हा चिमुरडी होतीस आणि कपाट पुढे होतं. बावीस वर्षांमागे गल्लीत गटाराचे पाइप टाकायला खोदलं, महिनाभर खड्डा उघडा, आणि ही भेग आली. तुझे आजोबा म्हणाले, घर विकू, पळू. मी म्हटलं, थांबा जरा. शिवण एकदा उसवली म्हणजे उसवतच जाते असं नाही, आधी बघू टाका कुठे थांबतोय. शाळेचे गणवेश शिवून संपले होते, खाकी कागद उरला होता. तोच भिंतीला लावला आणि बाहीचा खाका काढतात तसा भेगेचा खाका काढला. वरचं टोक ते धरायचे, पेन्सिल मी फिरवायची. कागद दर वर्षी त्याच जागी बसावा म्हणून त्यांनी ते दोन खिळे मारले. दर वर्षी गणवेश संपले की कपाट ओढायचं आणि नवा कागद. ते गेले आणि मी सोडलं. वरचं टोक धरायला कुणी नव्हतं.

ते अकरा कागद मी खाक्यांच्या गुंडाळीतच ठेवत होते. आणि दुकान काढलंस तेव्हा ती अख्खी गुंडाळी तुला दिली! प्रत्येकाला दोन भोकं आणि कोपऱ्यात सालाचा आकडा. ठमे, खरं सांग, आहेत का? की त्यावर चहाचे कप ठेवून संपवलेस?

आणि रंगाचं खोटं तू शिकवलंस, बोलले मी. दोघींचं निम्मं निम्मं.

आजी

---

४ मार्च

आजी,

आहेत. दहा या पार्सलात आहेत, अकरावा पण आहे, पण त्याची हकिकत ऐकून मला मारू नकोस.

मला काय ठाऊक ती भेग आहे? सहा वर्षं मी त्या खाक्यांवर डोकं आपटतेय. कधी वाटायचं बाहीचा मुंढा असेल, कधी वाटायचं झग्याची कसली तरी कळी. एकदा जुन्या चादरीवर कापूनसुद्धा बघितला. ते जे काही झालं ते कुठल्याच माणसाच्या अंगावर बसेना. शेवटी मी ठरवलं की ही माझ्या आजीची कसलीतरी अवघड, जुनी बेतणी आहे आणि ती समजण्याइतकी मी अजून तयार झालेली नाही. म्हणून त्यातला सगळ्यात ठसठशीत एक काच लावून दुकानात टांगला. गिऱ्हाइकं विचारतात. मी सांगते, "आजीचा हात आहे. आता असं कुणी कापत नाही." गेल्या महिन्यात एका बाईंनी तसाच गळा शिवून मागितला.

काच काढून तो पण घातलाय. भिंतीवर रिकामा चौकोन राहिलाय, लोक विचारतात कुठे गेला. सांगते, कामावर गेलाय.

चूक माझी होती, आजी. रंगारी मी पाठवला, गप्प बस मी म्हटलं. तू बोलली असतीस तर त्या तपासनिसाला पहिल्याच दिवशी सगळं कळलं असतं. आता पाया खणण्यापासून सुरू कर.

घरमालकीण अजून थांबलीय. खिडकीला मी पडदा लावलाय, पलंगाची जागा पुसून घेतलीय, झरोक्याला गवंडी बघितलाय. कपाटाचं मनावर घेऊ नकोस, मी एक आधीच आणून ठेवलंय. तुझं इतकं जड, ते हलवायचं कशाला?

ठमी

---

१२ मार्च

ठमे,

तुझी ती गळ्याची गोष्ट वाचून इतकी हसले की कवळी पदरात पडली. नेमकी तेव्हाच नर्सबाई दारात. तिला पण वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आजी, तपासनिसाला परत बोलावू?" मी म्हटलं, "आजच बोलाव."

तो आला. दारातच मी सांगितलं, "हे बघा, रंग जानेवारीत दिला. मी खोटं बोलले. आता मी बोलणार आहे, तुम्हाला वेळ आहे का?"

तो म्हणाला, "आजी, भेगेची मला भीती नव्हती. मला भीती त्या नव्या रंगाची होती." आणि खुर्ची ओढून बसला.

मग मी सांगितलं. खड्ड्यापासून. गणवेश, कपाट, खिळे, आजोबा, सगळं. नर्सबाईचा नवरा पण आला होता, तो मध्येच म्हणाला, "आजी, भेगेवर या," तर तपासनीसच त्याला म्हणाला, "येऊ द्या हो त्यांना त्यांच्या वाटेने."

मग तो उठला आणि पात्याने पुट्टी खरवडायला लागला. तुझ्या रंगाऱ्याची इस्त्री गेली, गिलाव्याचा चुरा जमिनीवर, आणि आतून ती बाहेर आली. ठमे, काय सांगू, मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पहिला कागद खिळ्यांवर बसवला. भेग कागदावरच्या रेघेच्या चार बोटं खाली गेलेली. नर्सबाईचं तोंड उतरलं. दुसरा बसवला, तीन बोटं. तिसरा, एक बोट.   चौथा बसवला. टोकावर टोक. पाचवा, टोकावर टोक. मग तो एकेक बसवत गेला, काढत गेला, आणि प्रत्येक वेळी रेघ भेगेवर अशी बसायची की सुई घालायला जागा नाही. अकराव्याला कागद संपले.

तो म्हणाला, "एक आजचा काढू या." खाकी कागद माझ्याकडे होताच. वरचं टोक त्याने धरलं, पेन्सिल मी फिरवली.  रेघ तिथेच थांबली जिथे बावीसातली एकोणीस वर्षं थांबली आहे. त्याने अकराव्यावर आजचा ठेवला, खिडकीच्या उजेडात धरला. दोन कागद आणि एकच रेघ.

मग तो बराच वेळ त्या भोकांकडे बघत होता. म्हणाला, "हे खिळ्यांचं कुणी सुचवलं?" मी म्हटलं, "सुचवायचं काय त्यात? पुढचा आणि मागचा भाग जुळवायला खुणा लागतातच की." त्याने तिथल्या तिथे लिहून दिलं की खड्डा बुजल्यावर जमीन बसली तेवढी भेग चालली आणि मग थांबली. भिंत धड आहे. नर्सबाईने माझी नाडी बघितली, मग नवऱ्याची बघितली, आणि म्हणाली, "घेतलं." सही पण झाली काल. कोट पण मी शिवून दिला.

कागद तपासनिसाने मागितले. मी म्हटलं, "एक घ्या. एक आमच्या दुकानात टांगायचाय, लोक विचारतात." बाकीचे नर्सबाईकडे राहतील, घराबरोबर. ती म्हणाली, दर वर्षी ती काढणार, वरचं टोक नवरा धरेल.

आता तुझ्याकडे वळते.

त्या माणसाकडे बघून मी दोन गोष्टी शिकले. एक, घर घ्यायच्या आधी बघून घ्यायचं. दुसरी, जे दाखवत नाहीत तिथे आधी बघायचं. तुझी दोन्ही पत्रं काढून परत वाचली. खिडकीची भिंत, दाराची भिंत, दुकानाकडची भिंत. पुन्हा खिडकी, पलंग, झरोका. तीन मोजल्या. चौथी कुठे गेली? त्रिकोणी खोली घेतेयस का माझ्यासाठी? आणि माझं कपाट नको म्हणतेस, एक आधीच आणून ठेवलंयस म्हणतेस.

ठमे, मी त्या भेगेपुढे बावीस वर्षं कपाट उभं केलं होतं. कपाट कशाला उभं करतात ते मला शिकवू नकोस. काय आहे त्यामागे?

आजी

---

१७ मार्च

आजी,

ओल आहे.

जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत. आधी वाटलं पुसून जाईल. मग म्हटलं रंग देऊ. मग कपाट आणलं. तुला लिहिलं असतं तर तू आली नसतीस असं वाटलं. आणि खरं म्हणजे मला तू यायला हवी होतीस. दुकान चालतं, पण दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून संध्याकाळी शटर ओढलं की मला कुणी ओरडत नाही. त्या झरोक्याची मी इतकी स्वप्नं बघितली की भिंतीकडे बघायचंच टाळलं.

आता तू ठरव. नको म्हणालीस तर मी फोटोवाल्याला सांगते. रागावणार नाही. रडेन थोडी.

ठमी

---

२२ मार्च

ठमे,

रडू नकोस, ओल आणखी वाढेल.

मी तपासनिसाला विचारलं. त्याने विचारलं, "भिंतीच्या पलीकडे काय आहे?" मी म्हटलं, "फोटोवाला." तो म्हणाला, "मग त्याच्या मोरीचा पाइप बघायला सांगा. ओल पाण्याची असते, पाणी कुठून तरी येतं, आणि जिथून येतं ते बंद होतं." त्याने तुझ्या गावातला एक ओळखीचा तपासनीस लिहून दिलाय, एकोणतीस तारखेला तो येईल. त्याच्यापुढे तोंड उघडं ठेव. रंगारी आसपास दिसला तर हाकलून दे.

तो काय लिहील ते लिहो. पाइप बदलावा लागला तर बदलू, गिलावा काढावा लागला तर काढू. भिंत पडायला आलीय म्हणाला तरच मी नको म्हणेन, आणि तरी येईनच. दुसरी खोली बघू, नाहीतर तुझ्या कापायच्या टेबलाखाली झोपेन.

मी तीस तारखेला सकाळच्या गाडीने निघते. कपाट बरोबर येतंय, नर्सबाईचा नवरा पोचवणार आहे. घरमालकिणीला सांग, गिऱ्हाईक येतंय. आणि बोलणारं येतंय. त्या फोटोवाल्याला म्हणावं, माझा एक चांगला फोटो काढून ठेव, दुकानात त्या खाक्याशेजारी टांगायचाय.

तू आणलेलं ते कपाट मी यायच्या आधी ओढून ठेव. भिंतीत दोन खिळे मार, एका ओळीत, पक्के. खाकी कागद आण आणि पेन्सिलीला टोक काढून ठेव. ओलीची कड कुठवर आलीय त्याचा पहिला कागद आपण दोघी काढू. वरचं टोक तू धर, माझा हात आता तिथवर पुरत नाही.

तुझी आजी